फॉर्म भरायला बसण्याआधी, आणि उठण्याआधी

आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, पासबुक, आणि फोटो-सही सांगितलेल्या केबीत बसवलेली. ही यादी लातूर-नांदेडच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात तोंडपाठ असते. कुकीजची यादी मात्र कुणी लावत नाही. अर्धा फॉर्म भरल्यावर पान परत लॉगिनवर जातं, कॅप्चा बरोबर टाकूनही 'चूक' येतो, एकाची माहिती दुसऱ्याच्या अर्जात पडते. अशा वेळी 'सर्व्हर डाऊन आहे' म्हणून सगळे मोकळे होतात. बऱ्याचदा सर्व्हर ठीक असतो, घोळ ब्राउझरमधल्या (म्हणजे क्रोम, फायरफॉक्स वगैरेतल्या) कुकीचा असतो. म्हणून बसण्याआधी काय बघायचं, भरताना काय पाळायचं आणि उठण्याआधी काय पुसायचं ते इथे ओळीने सांगतो.

आधी वस्तू समजून घ्या. तुळजापूर असो की औंढा नागनाथ, देवळाबाहेर चपला ठेवल्या की हातात बिल्ला मिळतो. स्टँडवाल्याला तुमचा चेहरा लक्षात राहत नाही, त्याला नंबर लागतो. वेबसाइटचं तसंच आहे. एक पान देऊन झालं की तुम्ही कोण होता ते सर्व्हर, म्हणजे साइट चालवणारा पलीकडचा कंप्युटर, विसरतो. म्हणून लॉगिन झाल्यावर तो एक लांबलचक नंबर तुमच्या ब्राउझरकडे देतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर तो न सांगता परत दाखवतो. हा बिल्ला म्हणजे कुकी. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू माँटुली यांनी ही युक्ती काढली. कुकी म्हणजे साधारण ४ केबीपर्यंतचा मजकूर. तो प्रोग्राम नाही, त्यामुळे व्हायरससारखा चालत नाही आणि तुमच्या फायली वाचत नाही. धोका वेगळा आहे: बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. लॉगिन झालेल्या कुकीला पुन्हा पासवर्ड लागत नाही, बहुतेक ठिकाणी ओटीपीही लागत नाही.

बसण्याआधी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख-वेळ बघा. हसू नका. जुन्या कंप्युटरमधला सीआर २०३२ हा बटन सेल संपलेला असला की लाईट जाऊन आल्यावर तारीख भलत्याच वर्षात जाते. ती मागे गेली तर साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही असं ब्राउझर समजतो आणि पान उघडत नाही. पुढे गेली तर साठवलेल्या कुकीजची मुदत संपली असं धरून त्या टाकून देतो. सेल स्वस्त असतो, तो बदला. तोवर दर वेळी तारीख हाताने नीट करा.

त्यानंतर कुकीज चालू आहेत का ते पाहा. काही दुकानदार सुरक्षेच्या नावाखाली सगळ्याच कुकीज बंद करून ठेवतात. मग नाव-पासवर्ड टाकला की पान फिरून लॉगिनवरच येतं आणि कुठलीही चूक दाखवत नाही. बिल्ला दिला, पण ठेवायला खिसाच नाही. बंद करायच्या त्या फक्त थर्ड-पार्टी कुकीज, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटच्या नसलेल्या, तिथल्या जाहिरातवाल्यांच्या. साइटची स्वतःची कुकी बंद करून फॉर्म भरता येत नाही.

दुसऱ्याच्या कंप्युटरवर कधीही थेट समोरच्या विंडोत लॉगिन करू नका. क्रोममध्ये वर उजवीकडच्या प्रोफाइलच्या गोल चिन्हावर दाबून 'गेस्ट' विंडो घ्या, नाहीतर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो घ्या. दोन्हींत विंडो बंद केली की कुकीज जातात. मात्र एक अट आहे: त्या प्रकारच्या सगळ्या विंडो बंद व्हायला हव्यात. मागे दुसऱ्या गिऱ्हाइकाची इन्कॉग्निटो विंडो उघडी असेल तर तुमचा बिल्ला अजून जिवंत आहे, कारण त्या सगळ्या विंडोंचा कुकीज ठेवायचा डबा एकच असतो. शिवाय डाउनलोड केलेल्या पीडीएफ दोन्हींत मागे राहतात, त्याचं पुढे बघू.

कागदपत्रं आधीच स्कॅन करून, आकार कमी करून, एका फोल्डरमध्ये ठेवा. ही सूचना जुनीच आहे, पण तिचं खरं कारण कुकीत आहे. लॉगिनचा नंबर सर्व्हरवर ठरावीक मिनिटंच जिवंत राहतो. साइट बांधायची साधनं वेगवेगळी असतात: एएसपी डॉट नेटवर बांधलेल्या साइटवर ही वेळ मुळात २० मिनिटं असते, पीएचपीत २४, टॉमकॅटवर ३०. बांधणारा ती कमी-जास्त करू शकतो आणि बँका तर फारच कमी ठेवतात. लोकांची फसगत इथे होते: तुम्ही पानावर टाइप करत आहात हे बहुतेक साइटवर सर्व्हरला कळतच नाही. 'सेव्ह' किंवा 'नेक्स्ट' दाबाल तेव्हाच त्याच्यापर्यंत काही पोचतं. म्हणजे २५ मिनिटं घाम गाळून एकच लांब पान भरलं, तर सर्व्हरच्या लेखी तुम्ही २५ मिनिटं झोपला होता. मग सेव्ह दाबल्यावर 'सेशन एक्स्पायर्ड' येणारच. दाखल्याचा नंबर शोधायला गावाकडे फोन लावायचा असेल तर आधी ड्राफ्ट सेव्ह करा, मग फोन लावा. लांब मजकूर असेल तर तो नोटपॅडमध्ये लिहून चिकटवा. ओटीपीचा मोबाइल चार्ज करून आणा, रेंज आहे ना ते बघा. आईच्या नंबरवर ओटीपी येणार आणि आई शेतात, अशी गत असेल तर लॉगिनच उशिरा करा.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. सीईटीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या गर्दीत वेळ वाचवायला ऑपरेटर एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडतो: पहिल्यात बहीण, दुसऱ्यात भाऊ. टॅब दोन दिसतात, पण त्या साइटसाठी बिल्ल्याचा डबा एकच आहे. दुसऱ्या टॅबमध्ये भावाचं लॉगिन झालं की बहिणीचा नंबर खोडून तिथे भावाचा बसतो. पहिल्या टॅबवर नाव अजून बहिणीचंच दिसतं, कारण ते पान आधी आलेलं आहे. आता तिथे तिचे गुण भरून सेव्ह दाबलं, तर साइट पक्की बांधलेली नसल्यास ते गुण भावाच्या अर्जात जातात. चांगली साइट अशा वेळी दोघांनाही बाहेर काढते, आणि तेच बरं. कॅप्चाचंही असंच होतं. नव्या टॅबमध्ये नवा कॅप्चा आला की पहिल्या टॅबमधला डोळ्यांनी बरोबर असला तरी चूक ठरतो. उपाय सोपा आहे. एक उमेदवार क्रोममध्ये, दुसरा फायरफॉक्समध्ये, किंवा एक गेस्ट विंडोत आणि एक इन्कॉग्निटोत. दोन इन्कॉग्निटो विंडो घेऊन उपयोग नाही. रोज गर्दी असलेल्या केंद्राने क्रोममध्ये तीन-चार वेगळ्या प्रोफाइल करून ठेवाव्यात, प्रत्येकीचा डबा वेगळा. खात्री हवी असेल तर साइटवर एफ १२ दाबा, 'ॲप्लिकेशन'मध्ये 'कुकीज' उघडा. तिथे जेसेशनआयडी किंवा तशाच नावाची एक ओळ दिसेल. दुसरं लॉगिन करून परत पाहिलं तर बहुतेक वेळा तीच ओळ, आणि आकडे बदललेले. तो तक्ता कुणाला फोटो काढून पाठवू नका, त्यात चालू लॉगिन असतं.

फी भरताना आणखी एक खड्डा आहे. तुम्ही साइटवरून पेमेंट गेटवेच्या, म्हणजे पैसे घेणाऱ्या वेगळ्या साइटच्या, पानावर जाता आणि पैसे कापल्यावर परत येता. ही परतीची वाट दुसऱ्या साइटवरून येते. २०२० पासून क्रोमने 'सेमसाइट' नावाचा नियम सरसकट लावला. दुसऱ्या साइटवरून फॉर्मच्या रूपात माहिती आत येत असेल, तर साधी कुकी सोबत द्यायची नाही, असा तो नियम. हेतू चांगला आहे, पण साइट बांधणाऱ्याने त्याची सोय केली नसेल तर पैसे कापले जातात आणि पडद्यावर लॉगिनचं पान येतं. घाबरून लगेच पुन्हा पैसे भरू नका. परत लॉगिन करा, 'पेमेंट स्टेटस' किंवा 'व्हेरिफाय पेमेंट' बघा, व्यवहाराचा नंबर लिहून घ्या. मागे जाण्याचं बटण आणि रिफ्रेश, दोन्हींना हात लावू नका. आणि फेसबुक-इन्स्टाग्रामच्या आतच उघडलेल्या पानावर फॉर्म भरायला घेऊ नका. त्या आतल्या ब्राउझरच्या कुकीज क्रोमपेक्षा वेगळ्या असतात, त्यामुळे क्रोममधलं लॉगिन तिथे चालत नाही आणि तिथलं क्रोममध्ये.

उठण्याआधी करायच्या गोष्टींचा क्रम महत्त्वाचा. आधी साइटचं 'लॉगआउट' दाबा, मग विंडो बंद करा, पुसायचं शेवटी. लोक उलटं करतात: घाईत कुकीज पुसतात आणि निघतात. पण कुकी पुसणं म्हणजे हातातला बिल्ला फेकणं. चपला रॅकमध्ये तशाच असतात, म्हणजे सर्व्हरवर तो नंबर अजून चालू असतो, आणि त्याची नक्कल कुणी आधी घेतली असेल तर ती वेळ संपेपर्यंत चालते. लॉगआउट दाबलं की सर्व्हर बहुधा तो नंबरच रद्द करतो. कंप्युटरमध्ये कुकी चोरणारा प्रोग्राम बसलेला असू शकतो, म्हणून हा क्रम. साध्या विंडोत लॉगिन झालंच असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट एकदम दाबा. जे पान उघडतं तिथे वेळेत 'लास्ट अवर' निवडा, 'कुकीज अँड अदर साइट डेटा'वर खूण ठेवा आणि पुसा. 'ऑल टाइम' निवडाल तर दुकानदाराचीही सगळी लॉगिनं जातील आणि तो तुम्हाला दुवा देणार नाही. 'कॅश्ड इमेजेस' एवढंच पुसून लॉगिन जात नाही, तो फक्त चित्रं आणि पानांच्या फायलींचा साठा आहे. 'पासवर्ड सेव्ह करू का?' असं विचारलं होतं तेव्हा 'नेव्हर' दाबलं होतं का, तेही आठवा. पासवर्ड कुकीत नसतो, तो वेगळ्या ठिकाणी राहतो आणि कुकीज पुसल्या तरी जात नाही. डाउनलोड्समधला आधारचा पीडीएफ उडवा, रिसायकल बिनही रिकामं करा.

केंद्र चालवणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. क्रोमच्या सेटिंगमध्ये 'ऑन स्टार्टअप'ला 'कंटिन्यू व्हेअर यू लेफ्ट ऑफ' ठेवू नका. विंडो बंद केल्यावर मरायला हव्यात अशा तात्पुरत्या कुकीजही त्या सेटिंगमुळे जिवंत राहतात. संध्याकाळी लाईट गेली, सकाळी कंप्युटर लावला, आणि कालच्या गिऱ्हाइकाचा अर्ज लॉगिनसकट समोर. फायरफॉक्समध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'त बंद करताना कुकीज पुसण्याची खूण आहे, एजमध्येही तशी सोय आहे. पण दिवसभर ब्राउझर बंदच होत नसेल तर त्या खुणेला अर्थ नाही. गिऱ्हाईक बदललं की गेस्ट विंडो बदलायची, ही सवयच कामाला येते.

राहिला स्वतःचा मोबाइल. इथे घाई नाही, पण जाहिरातवाल्यांचा त्रास इथेच जास्त. ठिबकच्या नळ्यांचा भाव एकदा पाहिला की बातम्यांच्या पानावर आठवडाभर ठिबकच दिसतं, ते बहुधा थर्ड-पार्टी कुकीमुळे. सफारीने या कुकीज २०२० पासून, तर फायरफॉक्सने २०२२ पासून आपणहून आवरल्या आहेत. गुगलनेही २०२० मध्ये त्या बंद करू म्हणून जाहीर केलं आणि २०२४ मध्ये माघार घेतली. म्हणून क्रोममध्ये हे काम हातानेच करायचं: तीन ठिपके, सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, थर्ड-पार्टी कुकीज, आणि तिथे ब्लॉक. एखाद्या साइटवर व्हिडिओ किंवा पेमेंट अडलं तर तेवढ्या साइटपुरती सूट देता येते. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमधलं 'प्रिव्हेंट क्रॉस-साइट ट्रॅकिंग' चालू राहू द्या, 'ब्लॉक ऑल कुकीज' मात्र नको. एवढं करूनही आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा नंबर) आणि मोबाइलच्या खाणाखुणांवरून ओळखणारे ओळखतातच, तेव्हा फार खुशीत राहू नका.

कुकीजची परवानगी मागणारी पट्टी आली की मोठ्या रंगीत 'ॲक्सेप्ट ऑल'शेजारी फिकट अक्षरात 'मॅनेज' किंवा 'रिजेक्ट' असतं. ते दाबा. आवश्यक कुकीज तरीही राहतात आणि साइट चालते. गंमत म्हणजे तुमचा नकार साइट बहुधा कुकीतच लिहून ठेवते, त्यामुळे सगळं पुसलं की पट्टी पुन्हा हजर. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात कुकी हा शब्द नाही. पण संमती देणं जितकं सोपं तितकंच ती मागे घेणंही सोपं असलं पाहिजे, आणि संमतीची विचारणा इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचायचा पर्याय असला पाहिजे, हे त्यात आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने.

घरच्या मोबाइलवर रोज सगळ्या कुकीज पुसण्याचा सोवळेपणा नको. सगळीकडे परत लॉगिन, परत ओटीपी, आणि वाडीत रेंज नाही. एखादीच साइट बिघडली तर 'साइट सेटिंग्ज'मधल्या 'ऑल साइट्स'मध्ये जाऊन तेवढीच पुसा.

आणि मार्कशीटची प्रिंट काढायला दुकानात व्हॉट्सॲप वेब उघडलं होतं ना? ते विंडो बंद करून जात नाही. मोबाइलवर व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. त्या यादीत दुकानाचा विंडोज कंप्युटर अजून दिसत असेल तर त्यावर बोट ठेवून लॉगआउट करा. त्यासाठी तालुक्याला परत जावं लागत नाही.