इंधनबचतीचे धोरण आखताना या चुका टाळा

मायलेज किती टक्क्यांनी सुधारले यावर अनुदान ठरवणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. 10 किमी प्रति लिटर देणारी गाडी 12.5 वर आली, तर 100 किमीमागे 2 लिटर वाचतात. 20 वरून 25 वर आली तर 1 लिटरच. सुधारणा दोन्हीकडे 25 टक्के. आता रनिंग धरा. पहिली मालवाहू गाडी वर्षाला 40,000 किमी धावत असेल तर 800 लिटर वाचतात. दुसरी घरची, 8,000 किमी धावणारी असेल तर 80. म्हणून पैसा आधी जास्त पिणाऱ्या आणि जास्त धावणाऱ्या गाड्यांवर लावा, आणि निर्मात्यांकडून आकडा ‘लिटर प्रति 100 किमी’ असाच मागा.

निर्मात्या कंपनीच्या गाड्यांचे सरासरी मायलेज काढतानाही हीच गफलत होते. 10 आणि 30 मायलेजच्या दोन गाड्यांची सरासरी 20 दिसते. पण दोन्ही 100-100 किमी चालवल्या तर एकूण 13.3 लिटर लागतात. म्हणजे खरी सरासरी 15.

वाहनांच्या वर्गांना वेगवेगळी मोजपट्टी लावली की पळवाट तयार होते. अमेरिकेच्या 1975च्या मायलेजविषयक कायद्यानंतर मोटारींवरचे बंधन कडक झाले, ‘हलक्या ट्रक’वरचे सैल राहिले, एसयूव्ही आणि मिनिव्हॅन याच वर्गात बसल्या आणि बाजार तिकडे सरकला. वापर सारखा असेल तर नियमही एकच हवा.

पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल पेट्रोलच्या लिटरला लिटर धरू नका. पेट्रोलच्या एका लिटरात साधारण 32 मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलच्या लिटरात 21. 20 टक्के मिश्रणाचे 100 लिटर सुमारे 93 लिटर पेट्रोलइतकेच काम करतात, त्यामुळे वाचते ते 20 नव्हे, 13 लिटर. इथेनॉल बनवताना शेतीत आणि कारखान्यात जळालेले डिझेल त्यातूनही वजा होते. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला मिश्रणाचा दाब) वाढवलेल्या इंजिनात यातली थोडी तूट भरून निघते, जुन्या इंजिनात नाही.

प्लग-इन हायब्रिडला (केबलने चार्ज होणारी, वीज आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी) कागदावरच्या आकड्यावर करसवलत देणे धोक्याचे आहे. चाचणीत विजेवरचे अंतर गृहीत धरलेले असते. पेट्रोलचे बिल चालकाला नोकरी देणारी कंपनी भरते आणि चार्जिंगचे चालक, तेव्हा केबल डिकीतच राहते. युरोपात 2021पासून नव्या मोटारींना प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणे बंधनकारक आहे. सवलत त्या नोंदीला जोडा.

इंधनकर ठराविक रकमेत गोठवू नका, महागाईशी बांधा. अमेरिकेचा पेट्रोलवरचा संघीय कर 1993पासून गॅलनला 18.4 सेंटवरच आहे. गाड्या काटकसरी झाल्या, की किमीमागचा खर्च उतरतो आणि माणसे जास्त फिरतात. त्यात करही झिजत गेला तर वाचलेले काही लिटर पुन्हा टाकीतच जातात.