कपाट उघडलं की नेट जातं

मागच्या पावसाळ्यात नाशिकच्या सिडकोतल्या पवननगरमधून एका काकूंचा फोन आला. "भाऊ, आमच्याकडे कपाट उघडलं की नेट जातं." घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं. मुलाचं म्हणणं, राउटर जुना झालाय, नवीन मागवू. मी गेलो आणि म्हटलं, "काकू, उघडा कपाट." त्यांनी दार उघडलं, तसा बाहेरची फायबर जिथे येऊन लागते त्या भिंतीवरच्या डब्यातला एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, दिवा लाल लुकलुकायला लागला. दार लावलं, मिनिटाभरात दिवा विझला आणि नेट परत आलं. फायबरची बारीक वायर कपाटाच्या बिजागरीमागून ओढलेली होती आणि दार उघडलं की ती चिमटायची. फायबरमधून प्रकाश जातो. वायर जोरात वाकली की तो प्रकाश वाकलेल्या जागीच बाहेर निसटतो, पुढे पोचत नाही. मी वायर दुसऱ्या बाजूने फिरवली, जास्तीची लांबी वाटीच्या तोंडाएवढ्या गोल वेटोळ्यात बसवली आणि प्लास्टिकच्या क्लिपा मारल्या. नवा राउटर लागलाच नाही.

मी केबल टीव्हीच्या लाइनवर काम शिकलो, आता फायबर जोडतो. लोक दोष कुठे आहे हे बघायच्या आधी पैसे घालवतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. दीड-दोनशे रुपयांच्या पॅचकॉर्डचं, म्हणजे टोकं बसवलेल्या छोट्या फायबर वायरचं, काम असतं आणि घरात तीन हजारांचा राउटर येऊन पडलेला असतो. नेटचा त्रास मात्र तसाच.

नळाला पाणी येत नसेल तर आपण आधी गच्चीवर जाऊन टाकी बघतो. टाकी भरलेली असेल तर दोष घरातल्या पाइपात, रिकामी असेल तर बाहेर. नेटचंही असंच आहे. बाहेरून डब्यापर्यंत येतं ते इंटरनेट, डब्यापासून तुमच्या फोनपर्यंत हवेतून येतं ते वायफाय. दोन्हींचे दोष वेगळे, इलाज वेगळे. "वायफाय स्लो आहे" म्हणून तक्रार केलीत तर नेटवाल्यालाही कळत नाही की टाकी बघायची की नळ.

म्हणून लॅपटॉप नेटवर्क केबलने थेट राउटरला जोडा, लॅपटॉपचं वायफाय बंद करा आणि स्पीड टेस्ट घ्या. प्लॅन १०० मेगाबिटचा असेल आणि ९०-९४ मिळत असतील तर बाहेरची लाइन चोख आहे, दोष घरात आहे. केबलवरही २०-३०च मिळत असतील तर राउटर हलवून काही होणार नाही, तक्रार करा. एक सांगून ठेवतो. प्लॅन २००-३००चा आणि केबलवर बरोबर ९४वर अडकताय, तर बहुतेक वेळा केबल नाहीतर पोर्ट १००चा असतो. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. गिगाबिटला, म्हणजे हजार मेगाबिटच्या वेगाला, चारही लागतात, एखादी तुटली तर जोडणी दोन जोड्यांवर, १००वर उतरते. दाराखाली चेपलेल्या केबलींचं हेच होतं. आणि डाउनलोड करताना १२ दिसलं म्हणून घाबरू नका. तिथे मेगाबाइट मोजतात, प्लॅन मेगाबिटमध्ये असतो. एका बाइटचे आठ बिट, म्हणजे १००च्या प्लॅनला साडेबाराच.

लॅपटॉप नसेल तर राउटरपासून चार-पाच फुटांवर उभं राहून फोनवर ५ गिगाहर्ट्झच्या वायफायच्या नावाला (वायफायचे २.४ आणि ५ असे दोन बँड असतात) जोडून तीच टेस्ट घ्या. बाकीचे फोन आणि टीव्ही तेवढ्यापुरते बंद ठेवा.

अडखळण्याचा दोष पकडायला पिंग वापरा, म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजा. लॅपटॉपवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) ping लिहून पुढे राउटरचा पत्ता द्यायचा. बऱ्याच घरी तो १९२.१६८.१.१ असतो, राउटरच्या बुडाला स्टिकरवर छापलेला असतो. फोनसाठीही पिंगची फुकट ॲप आहेत. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत आलं तर घरातली हवा स्वच्छ. ते कधी ३, कधी २००, मध्येच गायब, असं असेल तर दोष वायफायचा. राउटर नीट उत्तर देतोय पण ८.८.८.८ हा बाहेरचा पत्ता अडखळतोय, तर दोष डब्याच्या पलीकडचा. पाच मिनिटं चालू ठेवून बघा, एका फटक्यात निकाल देऊ नका.

दिवे वाचायला शिका. एलओएस लाल म्हणजे फायबरमधून प्रकाशच येत नाही. तेव्हा राउटर दहा वेळा बंद-चालू केलात तरी उपयोग नाही. वायर कुठे वाकलीय का, हिरवं टोक सॉकेटमधून सैल झालंय का, एवढं बघा आणि शेजारी विचारा. सिंहस्थाच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदकाम चाललंय, जेसीबीचा एक फटका बसला की अख्खी गल्ली बंद पडते. पॉनचा, म्हणजे फायबरच्या जोडणीचा, दिवा लुकलुकत राहिला तर डबा पलीकडच्या यंत्राशी जोडणी शोधतोय. पॉन हिरवा, पण इंटरनेटचा दिवा लाल, तर प्रकाश येतोय आणि खातं अडलंय. बिल, लॉगिन बघा. फायबरचं टोक काढून डोळ्यासमोर कधीही धरू नका, लहान मुलांना तर हातही लावू देऊ नका. आतला प्रकाश डोळ्याला दिसत नाही, म्हणून काही नाही असं वाटतं.

अडॅप्टरकडे कुणी बघत नाही. राउटर दिवसातून दोन-चारदा आपोआप बंद होऊन चालू होतो, सगळे दिवे एकदम जाऊन परत लागतात, दुपारी जास्त होतं, ही थकलेल्या अडॅप्टरची लक्षणं. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे गेला आणि राउटर टीव्हीच्या बंद कप्प्यात सेट टॉप बॉक्सवर ठेवलेला असला की हे हमखास. नवा घेताना जुन्यावरचे व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, १२ म्हणजे १२. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नकोत. लाइट वारंवार जात असेल तर राउटरचा छोटा यूपीएस घ्या, आणि डबा वेगळा असेल तर त्यालाही त्यावर जोडा. नुसता राउटर चालू राहून काय उपयोग?

आता राउटरची जागा. सगळ्यात जास्त फरक इथे पडतो.

पंचवटीत एका वाड्यात एक आजी एकट्या राहतात. नात पुण्यात. रोज रात्री व्हिडिओ कॉल, आणि रोज नातीचं तोंड अर्ध्यात गोठायचं. भिंती दीड-दोन फूट जाड, दगड-विटांच्या. राउटर ओसरीवरच्या कोनाड्यात, पुढ्यात पितळेचे डबे, शेजारी लोखंडी कपाट. आजी बसायच्या आत माजघरात. मी फोनवर सिग्नल मोजला. उणे ७९ डीबीएम. हे आकडे उणे असतात, शून्याच्या जितके जवळ तितके चांगले. उणे ५० म्हणजे उत्तम, व्हिडिओ कॉलला उणे ६७च्या आसपास हवं, उणे ८०ला कॉल तुटणारच. पितळेचे डबे हलवून राउटर कोनाड्यातून काढून उंच फळीवर ठेवला, तर उणे ७१. धातू सिग्नल परतवतो आणि जाड भिंत तो गिळते. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल भिंतीत जास्त अडतो, २.४चा कमी.

तरी पुरेना. मग मी आजींच्या परवानगीने तुळईच्या कडेने तीस फूट केबल नेली आणि त्यांच्याकडेच पडून असलेला जुना राउटर माजघरात लावला. जुना राउटर पुन्हा वापरायची ही रीत जशीच्या तशी लिहून घ्या. आधी तो एकटाच लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटरशी भांडण होणार नाही. मग त्याचं डीएचसीपी बंद करा, कारण घरात पत्ते वाटणारा एकच हवा. दोघं वाटायला लागले की अर्धे फोन जोडलेले दिसतात आणि नेट नसतं. शेवटी मुख्य राउटरची केबल त्याच्या लॅन (घरातल्या जोडण्यांच्या) पोर्टला लावा, वॅनच्या (बाहेरच्या लाइनच्या) नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडला की यातलं बहुतेक काम तोच करतो, आणि केबल कुठे लावायची तेही तिथेच सांगितलेलं असतं. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवलात तर फोन आपला आपण जवळचा निवडतो. माजघरात उणे ४८ आलं. आजींनी लगेच नातीला फोन लावला आणि मला चहा प्यायल्याशिवाय सोडलं नाही.

केबल नेणं शक्यच नसेल तर रिपीटर किंवा मेश (एकमेकांशी बोलणारे दोन-तीन राउटर). साधा रिपीटर मला फारसा पटत नाही. तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. घेतलाच तर सिग्नल नसलेल्या खोलीत ठेवू नका. त्यालाच ऐकू येत नाही, तर तो पुढे काय सांगणार? राउटर आणि त्या खोलीच्या मधोमध ठेवा.

इंदिरानगरसारख्या फ्लॅटांच्या दाटीत त्रास वेगळा असतो. दिवसा नेट पळतं, संध्याकाळी सातनंतर गोल फिरत राहतं. अशा एका हॉलमध्ये मी वायफायची २३ नावं मोजली, बहुतेक २.४वर. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये सगळ्यात मोकळा दिसेल तो राउटरमध्ये हाताने ठरवा आणि चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झवर ठेवा. ४० केल्याने अशा गर्दीत आपलंही बिघडतं आणि शेजाऱ्याचंही. टीव्ही, लॅपटॉप आणि अभ्यासाचे फोन ५ गिगाहर्ट्झवर न्या. त्यासाठी दोन्ही बँडना वेगवेगळी नावं दिलेली बरी. ५वर चॅनल ३६ ते ४८ मधला घ्या. ५२ ते १४४ हे रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, रडारची चाहूल लागली की राउटरला तो सोडावा लागतो आणि तुमचा कॉल तुटतो. मायक्रोवेव्ह चालू असताना २.४ मंदावलं तर आश्चर्य नको, दोघांची फ्रिक्वेन्सी जवळपास एकच.

डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा, बदलल्याने नेट पळायला लागतं असं सगळीकडे सांगतात. पान उघडायला सुरुवात लवकर होते, तीही जुना डीएनएस मंद असेल तरच. व्हिडिओचं बफरिंग त्याने जात नाही.

सगळं नीट आणि तरी ठरावीक वेळी पिंग ६००वर जात असेल तर घरात कोण काय वर पाठवतंय ते बघा. कॉलेज रोडला एका मुलीची ऑनलाइन परीक्षा अडकत होती. भावाचा फोन लग्नाचे फोटो-व्हिडिओ बॅकअपला चढवत होता. अपलोड तुंबला की सगळंच तुंबतं. बॅकअप रात्री दोननंतर ठेवला, काम झालं. जोडलेल्यांच्या यादीत अनोळखी फोन दिसला तर पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता जोडायची सोय, बंद करा.

तक्रार करायची वेळ आलीच तर आकडे सांगा. डब्याच्या सेटिंगमध्ये आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, असते. उणे २७च्या खाली, म्हणजे उणे २८, २९ असेल तर प्रकाश कमी पोचतोय, टोक साफ करायला किंवा जोड नव्याने करायला माणूस यायलाच हवा. हा आकडा, दिव्याचा रंग, वेळ, शेजाऱ्यांचं चालू आहे की नाही, आणि तक्रार क्रमांक. "नेट चालत नाही" पेक्षा याला लवकर माणूस येतो, हे मी त्या बाजूने काम केलं म्हणून सांगतो.

पवननगरच्या काकूंनी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलाय. परवा त्यांनी फोनवर वाचून दाखवलं, "मंगळवार, रात्री ९.१०, एलओएस लाल, वरच्या मजल्यावरही बंद, वायर वाकलेली नाही." मी म्हटलं, काकू, बाहेर केबल तुटलीय, काही हलवू नका. सकाळी चौकात जोड मारला आणि त्यांना फोन केला, तर त्या म्हणाल्या, "६.४० ला दिवा गेला, लिहून ठेवलंय."