जुनी स्पोर्ट्स कार शर्यतीला उतरवण्याआधी: मागच्या अ‍ॅक्सलची तयारी

मागच्या अ‍ॅक्सलची गोष्ट निघाली की लोक आधी इंजिनाची हॉर्सपॉवर सांगतात. तो आकडा बाजूला ठेवा आणि कागदावर तीन गोष्टी लिहा: टायर कोणते, स्टार्ट कसा होणार, आणि डिफरन्शियल (वळणात दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) साधा आहे की लॉक होणारा, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र जखडणारा. हाफ शाफ्टवर, म्हणजे डिफरन्शियलपासून एकेका चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्यावर, किती पीळ येणार हे शेवटी टायर रस्ता किती घट्ट धरतो यावर ठरतं. टायर घसरला की पीळ तिथेच थांबतो. १९५८ मध्ये आलेल्या ऑस्टिन-हीली स्प्राइटच्या ९४८ सीसी इंजिनाची ताकद जेमतेम ४३ हॉर्सपॉवर होती आणि टायर अरुंद होते. त्याच घराण्यातल्या अ‍ॅक्सलवर पुढे एमजी मिजेटचं १२७५ सीसीचं इंजिन आलं. आज त्याच अ‍ॅक्सलवर शर्यतीचं इंजिन, चिकट टायर आणि लॉक होणारा डिफरन्शियल अशी तीन ओझी एकदम चढवली जातात. यातलं इंजिनाचं ओझं मला सगळ्यात कमी काळजीचं वाटतं.

थोडा हिशेब करून बघा. इंजिनाचा टॉर्क, म्हणजे पिळाचा जोर, १०० न्यूटन-मीटर, पहिला गिअर ३.२, अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९. गुणाकार साधारण १,२५० येतो. साध्या डिफरन्शियलमध्ये तो दोन्ही शाफ्टवर सारखा, म्हणजे ६२५-६२५ वाटला जातो. डिफरन्शियल पूर्ण लॉक असेल आणि वळणात आतलं चाक उचललं गेलं, तर बाहेरच्या टायरने धरून ठेवलं तेवढा सगळा पीळ एकाच शाफ्टवर जातो. इंजिनाला पाना न लावता भार दुप्पट होऊ शकतो. त्यात स्टार्टला चढ्या आरपीएमवर क्लच एकदम सोडला तर फ्लायव्हीलमध्ये साठलेला जोर या हिशेबाच्या वर येतो. म्हणून टेकडीच्या चढावरच्या किंवा स्प्रिंट शर्यतीच्या गाडीच्या शाफ्टचं आयुष्य किलोमीटरमध्ये मोजू नका, स्टार्टमध्ये मोजा.

दुसरं काम कंटाळवाणं आहे, पण खरेदीच्या आधी करायचं: नियमावली वाचा. आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक शर्यती एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या अपेंडिक्स के या नियमांखाली होतात आणि त्यासाठी गाडीचा तांत्रिक पासपोर्ट लागतो. मूळ प्रश्न असा असतो की तो भाग त्या काळात त्या गाडीवर होता का. डिफरन्शियलचा प्रकार, अ‍ॅक्सलला लावलेले जादा दांडे, हबची (चाक ज्यावर बसतं त्या भागाची) रचना या सगळ्याला हा प्रश्न लागू होतो. महागडा सेट बसवून झाल्यावर तपासनीसाने नकार दिला तर वाद घालायला जागा उरत नाही.

आता अ‍ॅक्सल उघडा. शाफ्ट बाहेर काढायच्या आधी डावा-उजवा खूण करा, आणि ती रंगाने करा. शाफ्टच्या अंगावर पंचाने नंबर ठोकण्याची सवय वाईट, कारण तडा सुरू व्हायला तेवढी खाच पुरते. वापरलेले शाफ्ट डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल करून कधीही बसवू नका. एका दिशेने पीळ खाऊन बसलेल्या पोलादाला उलट दिशेने राबवलं की ते लवकर दगा देतं. नंतर स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकावरचे लांबट दात, डोळ्यांसमोर धरून पाहा. दात सरळ रेषेत न जाता किंचित तिरके वळलेले दिसले, तर तो शाफ्ट लवचीकतेची हद्द ओलांडून कायमचा पिळला आहे. तो भंगारात. नवीन शाफ्ट बसवताना त्याच्या लांबीवर एक बारीक सरळ रंगीत रेघ ओढून ठेवा; पुढच्या वेळी काढाल तेव्हा ती रेघ मळसूत्रासारखी फिरलेली दिसली तर वेगळं मोजमाप करायची गरजच नाही. सरळ दिसणाऱ्या शाफ्टलाही मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी (चुंबक आणि लोहकणांनी तडे दाखवणारी) करून घ्या. तडे बहुधा स्प्लाइन जिथे संपते त्या कोपऱ्यात असतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत.

नवे शाफ्ट घेताना ईएन२४ किंवा ४३४० जातीचं पोलाद ही किमान अपेक्षा ठेवा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उष्णता प्रक्रिया कोणती केली, हे बनवणाऱ्याला विचारा. नुसतं पोलादाचं नाव ऐकून समाधान मानू नका. जाडीबद्दल एक हिशेब लक्षात असू द्या: भरीव शाफ्टची पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास १० टक्क्यांनी वाढला तर ताकद ३३ टक्क्यांनी वाढते. पण नुसतं अंग जाड करून स्प्लाइन तेवढीच ठेवली तर फायदा नाही, उलट तोटा. सगळा पीळ स्प्लाइनच्या मुळाशी गोळा होतो. म्हणूनच जाणकार मंडळी शाफ्टचं मधलं अंग लेथवर मुद्दाम स्प्लाइनच्या मुळापेक्षा किंचित बारीक करवून घेतात. मग पीळ संपूर्ण लांबीवर पसरतो आणि शाफ्ट थोडा स्प्रिंगसारखा वागून धक्का गिळतो. कोपऱ्यांना मोठी गोलाई आणि अंगाला गुळगुळीत फिनिश हवंच.

हब कोणत्या प्रकारचा आहे हे इथेच पाहून घ्या, कारण शाफ्ट मोडल्यावर काय होईल ते त्यावर अवलंबून आहे. सेमी-फ्लोटिंग अ‍ॅक्सलमध्ये शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो बाहेरच्या टोकाला मोडला की चाक शाफ्टसकट निघून जाऊ शकतं. एमजीबीचा नळीचा अ‍ॅक्सल याच जातीचा आहे, तर तिच्या सुरुवातीच्या रोडस्टरचा बॅन्जो अ‍ॅक्सल थ्री-क्वार्टर फ्लोटिंग. तिथे बेअरिंग हाउसिंगच्या (शाफ्टभोवतीच्या कवचाच्या) नळीवर असतं, पण वळणात चाक कलंडायला बघतं तो जोर काही प्रमाणात शाफ्टच्या फ्लॅन्जवर (टोकाच्या चकतीवर) येतोच. स्प्राइट आणि मिजेटचीही तीच तऱ्हा, आणि म्हणून त्यांच्यासाठी दोन बेअरिंगचे हब मिळतात. त्यामुळे शाफ्टकडे फक्त पिळाचं काम उरतं. नियमात बसत असेल तर मी जाड शाफ्टच्या आधी या हबवर पैसे घालीन. काही जुन्या गाड्यांमध्ये हब शाफ्टच्या निमुळत्या टोकावर चावीने (खाचेत बसणाऱ्या छोट्या पट्टीने) बसतो. तिथे पीळ चावीने नव्हे, निमुळत्या तोंडांच्या घट्ट पकडीने पेलला पाहिजे. दोन्ही तोंडं घासायची पेस्ट लावून एकमेकांवर घासून जुळवा, पेस्ट पूर्ण पुसून काढा, कोरडी बसवा आणि नट पूर्ण टॉर्कला आवळा. काही अ‍ॅक्सलवर एका बाजूच्या हब नटचे आटे उलटे असतात. जोर लावण्याआधी पाहा.

हाउसिंग सरळ आहे का, हे तपासायचं बरेच जण विसरतात. ते किंचित जरी वाकलेलं असेल तरी शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात वाकतो आणि सरळ होतो, आणि मग कितीही भारी पोलाद घ्या, थकून मोडणारच. बेअरिंगच्या बैठकीतून लांब सरळ दांडा घालून पाहा, निदान दोन्ही चाकांचा टो (चाक आत-बाहेर किती वळलंय तो कोन) तरी मोजा. स्प्रिंगच्या बैठकींजवळ रंग खरवडून तडे शोधा. खालून पट्टी वेल्ड करून हाउसिंग मजबूत करायचं असेल तर दांडा आत ठेवूनच, थोडं थोडं, बाजू बदलत वेल्ड करा. वेल्ड थंड होताना हाउसिंगला खेचतो; मजबुतीसाठी केलेल्या या कामानेच वाकलेली हाउसिंग पाहायला मिळतात. चाकांना स्पेसर लावून रुंदी वाढवायचा मोह असेल तर बेअरिंगवरचा वाकवणारा जोरही वाढणार हे धरून चाला.

क्राऊन-पिनियनबद्दल, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीबद्दल, थोडक्यात. गुणोत्तर निवडताना दात मोजा: ३.९ म्हणजे १० आणि ३९, ४.२२ म्हणजे ९ आणि ३८, ४.५५ म्हणजे ९ आणि ४१. क्राऊनचा व्यास तोच आणि दात जास्त, म्हणजे दात बारीक. सर्किटला लागत नसेल तर उगाच आखूड, म्हणजे मोठ्या आकड्याचं, गुणोत्तर घेऊ नका. बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) आणि दातांवरचा रंगाचा ठसा मॅन्युअलप्रमाणे जुळवा. पिनियनवर चेपणारा स्पेसर असेल तर त्याजागी भरीव स्पेसर आणि शिम (पातळ चकत्या) घाला; चेपणारा धक्क्यांनी सैल पडतो. क्राऊनचे बोल्ट नवे आणि थ्रेडलॉक लावून. प्लेटचा लिमिटेड स्लिप (प्लेटांच्या घर्षणाने काही प्रमाणात लॉक होणारा) डिफरन्शियल असेल तर एक चाक उचलून, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून ते टॉर्क रेंचने फिरवा आणि आकडा नोंदवा. तो आकडा शर्यतीगणिक उतरत गेला तर प्लेटा झिजताहेत. वेल्ड करून बंद केलेला डिफरन्शियल स्वस्त पडतो, पण अरुंद वळणात दोन्ही शाफ्ट एकमेकांविरुद्ध पिळले जातात, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नसतानाही.

आता पाटे, म्हणजे मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. शाफ्टचा खरा शत्रू मला इथे दिसतो. स्टार्टला अ‍ॅक्सल पिनियनकडून वर फिरायला बघतो, पाट्याला एस आकाराचा बाक येतो, टायर सुटतो, पाटा उलटा झटकतो, टायर पुन्हा धरतो, आणि हे सेकंदात अनेकदा. गाडी मागून धडधडते ती याचमुळे. प्रत्येक पकडीला शाफ्टवर हातोडा पडतो. पाट्यांची बुशं आणि यू-बोल्ट आधी नीट करा, मग शॉक अ‍ॅब्सॉर्बर, आणि तरीही धडधड राहिली तर अ‍ॅक्सलला रोखणारे दांडे लावा. दांड्याची लांबी आणि टोकं अशी ठेवा की चाक वर-खाली होताना तो पाट्याशी भांडणार नाही. नाहीतर ब्रॅकेट उखडेल. तारेच्या चाकांच्या गाडीत हबच्या स्प्लाइन झिजून चाकात खेळ आला असेल तर तोही धक्काच, हब बदला. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागे येणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधेही तेव्हाच हलवून पाहा.

ऑइल हायपॉइड गिअरचं, आणि प्लेटच्या डिफरन्शियलला ते बनवणाऱ्याने सांगितलेलंच. पातळी प्लगपर्यंत, वर नाही. ब्रीदर, म्हणजे हवा बाहेर जाण्याचं छिद्र, उघडा आहे ना पाहा. तो बुजला की गरम हवेचा दाब सीलमधून ऑइल बाहेर ढकलतो आणि ते थेट ब्रेक लायनिंगवर जातं.

नवीन क्राऊन-पिनियन पहिल्याच दिवशी पूर्ण ताकदीने पळवू नका. हलक्या पायाने गरम करा, पूर्ण थंड होऊ द्या, असं काही वेळा करा, मग ऑइल बदला आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर काय आलं ते पाहा. करडी बारीक पेस्ट चालते, खपल्या चालत नाहीत. पहिल्या फेरीनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळा.

शर्यतीच्या पेटीत दोन्ही बाजूंचे खूण केलेले जादा शाफ्ट, फ्लॅन्जची गॅस्केट आणि ओ-रिंग, हब नटचा सॉकेट, ऑइल आणि लांब दांड्यावर बसवलेलं जोरदार चुंबक असू द्या. शाफ्ट आतल्या टोकाला मोडला की त्याचा तुकडा डिफरन्शियलमध्ये अडकून राहतो. तो चुंबकाला लागला तर पुढची फेरी पळता येते, नाहीतर प्रोपेलर शाफ्ट आणि दुसरा हाफ शाफ्ट काढून सगळा डिफरन्शियलच बाहेर घ्यावा लागतो.