लेटेकच्या नोट्स वेबपेजवर न्यायच्यात? आधी कोड सांभाळा

माझ्याकडे सी प्रोग्रॅमिंगच्या नोट्स होत्या, लेटेकमध्ये (कमांड लिहून पानं जुळवणारं सॉफ्टवेअर) टाइप केलेल्या, 90 च्या आसपास पानं आणि त्यात 41 लिस्टिंग, म्हणजे कोडची उदाहरणं. पीडीएफ झकास दिसायची. पण मोबाइलवर वाचणाऱ्यांची कुरकुर सुरू झाली की अक्षरं मोठी केली की ओळ स्क्रीनबाहेर जाते, कोड कॉपी केला तर चालत नाही, वगैरे. म्हटलं ठीक आहे, वेबपेज करून टाकू, एका संध्याकाळचं काम. केलं, उघडलं, आणि पहिल्याच उदाहरणात पहिल्याच ओळीत नुसतं हॅश इन्क्लूड, पुढे काहीच नाही. एसटीडीआयओ डॉट एच गायब.

कारण अगदी साधं होतं. हेडर फाइलचं नाव < आणि > च्या मध्ये असतं, ब्राउझरला < नंतर अक्षर दिसलं की त्याला वाटतं टॅग, म्हणजे पेजसाठीची सूचना, आला, अनोळखी टॅग असला तर तो गपचूप गिळतो आणि पुढे जातो, एरर वगैरे काही देत नाही. ती संध्याकाळ गेली, पुढचे तीन दिवसही गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय. आणि हो, कमांड आणि ऑप्शन मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप करताना नेहमीच्या स्पेलिंगनेच करा.

एक कसोटी मात्र सुरुवातीलाच ठरवून टाका. पेज दिसतं कसं हे नंतर बघू, वाचकाने पेजवरून कोड कॉपी करून चालवला तर तो चालला पाहिजे. मजकुरात एखादा स्वल्पविराम इकडेतिकडे झाला तर माणूस समजून घेतो, कंपायलर घेत नाही.

पायरी 1: पीडीएफपासून सुरुवात करू नका

हा मोह सगळ्यांना होतो कारण पीडीएफ हाताशी असते आणि पीडीएफचं एचटीएमएल करून देणारी टूल्स पैशाला पासरी मिळतात. पण पीडीएफमध्ये तुमचा कोड कोड म्हणून नसतोच, हे अक्षर पानावर इथे काढ, ते तिथे काढ, एवढाच हिशोब असतो. लेटेक दोन शब्दांमध्ये स्पेस कॅरेक्टर टाकत नाही, नुसती जागा सोडतं. त्यामुळे ओळीच्या सुरुवातीचं इंडेंटेशन कॉपी करताना उडतं, आणि पायथॉनमध्ये इंडेंटेशन उडालं म्हणजे प्रोग्रॅमच उडाला. सरळ अवतरणचिन्हं बाकदार होतात, मग पायथॉन इनव्हॅलिड कॅरेक्टर म्हणून ओरडतो आणि बिचारा शिकणारा दहा वेळा ती ओळ बघतो, त्याला काही चूक दिसत नाही. डावीकडचे ओळींचे आकडे कोडमध्ये मिसळतात, लिस्टिंग दोन पानांवर गेलं असेल तर मधेच पान क्रमांकही येऊन बसतो.

तेव्हा मूळ टेक फाइल, म्हणजे ज्यातून पीडीएफ बनवली ती, शोधा. जुन्या मेलमध्ये, जुन्या लॅपटॉपमध्ये, कुठेही असेल, शोधा. नाहीच सापडली तर मजकूर पीडीएफमधून घ्या पण कोड मूळ प्रोग्रॅममधून घ्या, आणि तोही नसेल तर हाताने टाइप करून चालवून बघा, कंटाळवाणं आहे पण पर्याय नाही.

पायरी 2: कोड वेगळ्या फाइलमध्ये काढा

सगळ्यात जास्त फायदा या पायरीचा आहे आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात. प्रत्येक लिस्टिंगमधला कोड उचलून स्वतंत्र फाइलमध्ये ठेवायचा, आणि टेक फाइलमध्ये त्या जागी एलएसटी इनपुट लिस्टिंग ही कमांड टाकायची. कोड छापायला मिंटेड हे पॅकेज वापरत असाल तर इनपुट मिंटेड. फाइलचा काही भागच दाखवायचा असेल तर फर्स्टलाइन आणि लास्टलाइन हे ऑप्शन आहेत, पण उद्या फाइलमध्ये वर दोन ओळी वाढल्या की सगळे आकडे चुकतात, म्हणून मी शक्यतो छोट्या छोट्या पण पूर्ण फाइल करतो.

फाइल वेगळी झाली की ती कंपाइल करून बघा, लगेच. माझ्या 41 पैकी दोन कंपाइलच झाल्या नाहीत, एकीत तर अर्धविराम नव्हता, आणि ती पीडीएफ कित्येक जणांनी वाचली होती, म्हणजे बहुतेक प्रत्येकाने मुकाट्याने आपापला अर्धविराम टाकून घेतला असणार.

सगळ्या फाइल यूटीएफ-8 मध्ये सेव्ह करा. कोडमधल्या कमेंट मराठीत असतील तर हे जास्तच महत्त्वाचं, कारण लिस्टिंग्ज हे पॅकेज जुन्या पद्धतीच्या पीडीएफलेटेकबरोबर एकेक बाइट वाचतं, त्याला देवनागरी झेपत नाही, म्हणून लोकांनी त्यावर चित्रविचित्र जुगाड केलेले असतात. वेबवर ते जुगाड नकोत, काढून टाका.

पायरी 3: कन्व्हर्टर निवडा

इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सोपं जातं. कन्व्हर्टर दोन जातीचे असतात. एक जात टेक (लेटेकच्या आतलं इंजिन) चालवत नाही, फक्त तुमची फाइल वाचते आणि आपल्याला जेवढं कळतं तेवढं एचटीएमएलमध्ये लिहिते. पॅनडॉक या जातीचा, जॉन मॅकफार्लेन यांनी 2006 मध्ये आणलेला, फुकट, आणि त्याला व्हर्बॅटिम, लिस्टिंग्ज, मिंटेड या कोड छापायच्या तिन्ही पद्धती ओळखता येतात. दुसरी जात खरोखर टेक चालवते आणि आउटपुट पकडते. टेक-फोर-एचटी त्यातला, एइतान गुरारी यांनी बनवलेला, आता तो मेक-फोर-एचटी या कमांडने चालवतात. या दोन्हींच्या मधला म्हणजे लेटेक-एमएल, तो टेक चालवत नाही पण टेकचं वागणं पर्ल भाषेत पुन्हा लिहून काढलंय. अर्काइव्ह या शोधनिबंधांच्या साठ्यावर 2023 च्या डिसेंबरपासून एचटीएमएल आवृत्त्या दिसायला लागल्या, त्या यानेच बनवलेल्या असतात.

फरक कुठे पडतो ते बघा. लिस्टिंग्जमध्ये लिटरेट नावाचा ऑप्शन आहे, त्याने कोडमधलं != हे पीडीएफमध्ये ≠ असं छापता येतं. दिसायला छान. पॅनडॉक टेक चालवत नसल्यामुळे त्याला हा प्रकार कळतच नाही आणि तो मूळ != तसंच ठेवतो, म्हणजे आपल्या कामाचं तेच. टेक चालवणारा कन्व्हर्टर इमानदारीत ≠ देतो आणि कॉपी केलेला कोड मरतो. टेक-फोर-एचटीच्या आउटपुटमध्ये कधीकधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस पण येते, डोळ्याला दोन्ही सारख्याच, कंपायलरला नाही.

उलट बाजू अशी की तुमच्या फाइलमध्ये स्वतः बनवलेले मॅक्रो (म्हणजे शॉर्टकट कमांड) आणि गणित ढिगाने असेल तर पॅनडॉक अडखळतो, तिथे लेटेक-एमएल बरा. माझं मत विचाराल तर कोड जास्त आणि गणित कमी असेल तर पॅनडॉकच घ्या, बाकी दोन्ही शिकायला वेळ लागतो.

पायरी 4: टेक फाइल झाडून घ्या

पॅनडॉक घेतलात असं धरून चालतो. तीन गोष्टी शोधायच्या.

पहिली, एलएसटी न्यू एन्व्हायर्नमेंट. अनेक जण सोयीसाठी स्वतःचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे बिगिन आणि एंडमधला ब्लॉक, बनवतात, सीकोड वगैरे नावाचं. पॅनडॉकला ते ओळखू येत नाही, मग तो आतला कोड साधा लेटेक मजकूर समजून वाचायला लागतो, आणि लेटेकमध्ये % म्हणजे कमेंट. प्रिंटएफच्या ओळीत %डी आलं की तिथून पुढची अख्खी ओळ गायब. फाइंड-रिप्लेस मारून सगळी नावं मूळ एलएसटी लिस्टिंग अशी करून टाका.

दुसरी, एस्केप इनसाइड. कोडच्या मधे लेटेकची कमांड घुसवायची सोय असते ती, एखादा शब्द लाल करायला किंवा ओळीला लेबल लावायला. पॅनडॉक ती कमांड उचलून कोडमध्येच छापतो. काढून टाका, आणि त्या ओळीबद्दल जे सांगायचंय ते खाली मजकुरात सांगा.

तिसरी, भाषा. बरेचदा एलएसटी सेट मध्ये, म्हणजे लिस्टिंग्जच्या सेटिंगच्या कमांडमध्ये, भाषा एकदाच लिहून ठेवलेली असते. प्रत्येक लिस्टिंगला लँग्वेज ऑप्शन वेगळा द्या, म्हणजे कोणत्या ब्लॉकला कसे रंग द्यायचे ते कळेल. ओळीतल्या ओळीत येणारे छोटे कोड, म्हणजे कमांडचे ऑप्शन वगैरे, टेक्स्ट-टीटी ऐवजी व्हर्ब किंवा एलएसटी इनलाइन मध्ये टाका, नाहीतर दोन डॅशचा एक लांब डॅश होण्याची भीती असते.

पायरी 5: कमांड चालवा

पॅनडॉक, मग टेक फाइलचं नाव, मग डॅश एस म्हणजे हेडसकट पूर्ण पेज मिळतं, मग गणित असेल तर डॅश डॅश मॅथजॅक्स, अनुक्रमणिका हवी तर डॅश डॅश टीओसी, आणि शेवटी डॅश ओ आणि एचटीएमएल फाइलचं नाव. झालं. वॉर्निंग आल्या तर वाचा, ढकलू नका.

पायरी 6: आउटपुट उघडून बघा

ब्राउझरमध्ये नाही, आधी टेक्स्ट एडिटरमध्ये. कोडचा ब्लॉक प्री टॅगमध्ये आणि त्याच्या आत कोड टॅगमध्ये असायला हवा. कोडमधल्या < च्या जागी अँपरसँड-एलटी-अर्धविराम दिसलं पाहिजे, > च्या जागी जीटी वालं, आणि खुद्द & च्या, म्हणजे अँपरसँडच्या, जागी एएमपी वालं. पॅनडॉक हे आपोआप करतो, पण कुठलं लिस्टिंग हाताने चिकटवत असाल तर क्रम पाळा, आधी &, मग बाकीचे. मी उलट केलं होतं, आधी < बदललं, मग & बदलायला गेलो तर नुकत्याच टाकलेल्या अँपरसँडचेही अँपरसँड झाले आणि पेजवर < ऐवजी सगळीकडे &एलटी; असली अक्षरं नाचायला लागली.

कॅप्शनही तपासा, लिस्टिंगला दिलेलं कॅप्शन पेजवर दिसेलच असं नाही. मी प्री टॅगभोवती फिगर टॅग घालून फिग-कॅप्शनमध्ये हाताने टाकतो. लिस्टिंग 3 बघा असे उल्लेख असतील तर तेही एकेक करून लिंक चालते का बघायचं.

मग थोडं सीएसएस, म्हणजे पेज कसं दिसावं ते सांगणारी भाषा. प्री ला आडवं स्क्रोल द्या, म्हणजे ओव्हरफ्लो-एक्स ऑटो, नाहीतर एक लांब ओळ मोबाइलवर अख्खं पेज फाडते. ओळींचे आकडे हवेच असतील तर ते सीएसएस काउंटरने द्या, किंवा त्यांना यूजर-सिलेक्ट नन लावा, म्हणजे कॉपीत येणार नाहीत. आणि प्री टॅगला ट्रान्सलेट हे ॲट्रिब्यूट नो करून ठेवा, कारण कोणी ब्राउझरमध्ये पेजचं भाषांतर चालू केलं तर कोडमधले इफ आणि व्हाइलही भाषांतरित होऊ शकतात. रंग पॅनडॉक स्वतः देतो, वेगळी जावास्क्रिप्ट लायब्ररी लावायची गरज सहसा पडत नाही.

पायरी 7: डिफ मारा

डोळ्यांवर विसंबू नका. एक छोटी स्क्रिप्ट लिहा, पायथॉनमध्ये 20 ओळींत होते, जी एचटीएमएलमधला प्रत्येक प्री ब्लॉक वाचून, टॅग काढून, पायरी 6 मधले < वगैरेचे बदल उलटवून, वेगळ्या फाइलमध्ये लिहील. मग ती फाइल आणि पायरी 2 मधली मूळ फाइल यांचा डिफ, म्हणजे दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड. काहीच आलं नाही तर ते लिस्टिंग पास. फाइलच्या शेवटी एखादी रिकामी ओळ कमीजास्त दिसली तर सोडून द्या, एचटीएमएलमध्ये प्री टॅगनंतर लगेच आलेली नवी ओळ ब्राउझर मोजतच नाही, तसलेच किरकोळ फरक असतात ते.

माझी 40 लिस्टिंग पास झाली आणि एक अडकलं, मेकफाइलचं, म्हणजे प्रोग्रॅम कसा बनवायचा ते मेक या टूलला सांगणाऱ्या फाइलचं. चार ओळींची फाइल म्हणून मी ती वेगळी न काढता टेकमध्येच ठेवली होती, स्वतःचाच नियम मोडून. मूळ मेकफाइलशी लावलेला डिफ म्हणतोय दोन ओळी वेगळ्या, मी दोन्ही शेजारी ठेवून बघतोय तर अक्षर न अक्षर सारखं. शेवटी पेजवरून कॉपी करून मेक चालवलं तर मिसिंग सेपरेटर. मेकफाइलमध्ये कमांडच्या आधी टॅबच लागतो, स्पेस चालत नाहीत, आणि पॅनडॉक कोडमधल्या टॅबच्या मुकाट्याने स्पेस करतो, ठरलेलं माप चारचं. डॅश डॅश प्रिझर्व्ह टॅब्ज हा ऑप्शन लावून परत चालवलं, आणि त्या डिफमध्ये काहीच आलं नाही.