घरी दोन-तीन जुन्या मारुती एकदम दुरुस्तीला काढताना

एका वेळी एकच गाडी खोलायची, आणि तिचे भाग घरात येऊन तपासून झाल्याशिवाय तीही खोलायची नाही. घरी एकापेक्षा जास्त गाड्यांचं काम करणाऱ्यानं बाकी काही पाळलं नाही तरी एवढं पाळावं. जुन्या गाड्या महिनोन्महिने विटांवर उभ्या राहतात, त्या काम अवघड असतं म्हणून नव्हे. एक नग मिळत नाही, तोवर दुसरीचं बॉनेट उघडलेलं असतं आणि पहिलीचे बोल्ट कुठे ठेवले ते आठवत नाही.

उदाहरणादाखल तीन गाड्या धरू: रोज चालणारी अल्टो, सामान वाहणारी ओम्नी आणि कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा जुन्या पद्धतीचा भाग असलेली) ८००. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, ओम्नीचं २०१९ मध्ये. पण दोन्ही इतक्या खपल्या होत्या की भंगारात त्यांचा माल अजून मिळतो. घरी शिकायला याहून सोप्या गाड्या नाहीत.

रांग लावताना

प्रत्येक गाडीसाठी वहीचं वेगळं पान ठेवा. डाव्या बाजूला तक्रार, उजवीकडे लागणारे भाग, आणि प्रत्येक भागापुढे तीनपैकी एक खूण: घ्यायचा आहे, आणला आहे, तपासला आहे. सगळे भाग तिसऱ्या खुणेवर पोचले की ती गाडी खोलायला तयार. ज्या गाडीवर घर चालतं तिला पहिला मान. ओम्नीचा गिअरबॉक्स कितीही खुणावत असला तरी अल्टोचे ब्रेक आधी.

एका गाडीच्या यादीत क्रम असा: ब्रेक, स्टिअरिंग आणि टायर, मग पाणी, तेल किंवा पेट्रोल गळणं, मग चालू होणं आणि पिकअप; रंग, सीट, टेप सगळ्यात शेवटी. रंगाचं काम लवकर काढण्याचा मोह होतो, कारण ते दिसतं. पण इंजिन उतरवताना नव्या रंगावर पाना घासला की ते पैसे गेले.

खोलायची गाडी एकच असली तरी उपभोग्य वस्तूंचं (ब्रेक ऑइल, कुलंट, इंजिन ऑइल) काम गाड्यांच्या नव्हे, कामाच्या हिशोबानं करा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. उघडलेली बाटली महिनाभर ठेवून पुन्हा वापरू नये. म्हणून तिन्ही गाड्यांचं ब्रेक ऑइल एकाच शनिवार-रविवारी बदला, म्हणजे डॉट ३ ची अर्ध्या लिटरची बाटली उघडली तशी संपते. कुलंट आणि इंजिन ऑइलचंही तसंच, शिवाय जुनं तेल एकदाच गोळा होतं. ते गटारात न ओतता गॅरेजमार्फत जुनं तेल उचलणाऱ्याकडे द्यावं.

हेड (इंजिनाचा वरचा भाग) फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, किंवा ब्रेकचा ड्रम लेथवाल्याकडे गेला की चार-आठ दिवस हात रिकामे राहतात. त्या काळात दुसऱ्या गाडीला हात लावायला हरकत नाही, मात्र संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच काम घ्या: प्लग, एअर फिल्टर, वायपर, बल्ब, हँडब्रेकची केबल ताणणं. रात्री ती गाडी चालती असली पाहिजे.

सारखं दिसतं ते जुळतंच असं नाही

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. ८००, ओम्नी आणि जुनी अल्टो, तिघींच्या कागदावर ७९६ सीसी लिहिलेलं असतं, आणि दुकानदार "एकच इंजिन आहे" म्हणून हेड हातात देतो. ८०० आणि ओम्नीच्या एफ८बी इंजिनात तीन सिलिंडरला मिळून सहा व्हॉल्व्ह. अल्टोच्या एफ८डी मध्ये बारा. हेड, हेड गॅस्केट, कॅमशाफ्ट काहीच एकमेकांना लागत नाही. शिवाय २००० नंतरच्या काही ८०० मध्येही बारा व्हॉल्व्हचं इंजिन आलं होतं. म्हणून ८०० सांगून भाग मागू नका. इंजिन नंबर आणि वर्ष सांगा.

८०० आणि ओम्नी यांच्यातही फरक आहे. ८०० मध्ये इंजिन आडवं बसतं आणि पुढची चाकं ओढतात. ओम्नीत ते सीटखाली उभं, म्हणजे गाडीच्या लांबीत, आणि मागची चाकं ढकलतात. त्यामुळे पिस्टन, रिंग, व्हॉल्व्ह असे आतले भाग बऱ्याचदा जुळतात. ऑइल संप, मॅनिफोल्ड, माउंटिंग, गिअरबॉक्स जुळत नाहीत. १९८३ च्या पहिल्या पिढीच्या ८०० चे पत्रे १९८६ पासूनच्या गाडीला बसत नाहीत, कारण बॉडीच वेगळी.

यावर उपाय पार्ट नंबर. भागावर किंवा स्टिकरवर तो छापलेला असतो. सुझुकीच्या पद्धतीत पहिले पाच आकडे भागाची जात सांगतात: १६५१० ऑइल फिल्टर, १७४०० वॉटर पंप, ३११०० सेल्फ (स्टार्टर मोटर), ३१४०० अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा). पुढची अक्षरं-आकडे मॉडेल सांगतात. पहिले पाच जुळले म्हणजे भाग त्याच जातीचा आहे, तुमच्या गाडीचा आहे असं नव्हे. पूर्ण नंबर जुळला पाहिजे, नाहीतर जुना नमुना सोबत नेऊन बोल्टची भोकं, पुलीचे खाच आणि दात मोजून घ्या.

बाजारात

मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला खोललेल्या गाड्यांचे भाग मिळतात. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. तो हत्यारं, क्लॅम्प, नट-बोल्ट यांच्यासाठी जास्त उपयोगाचा. नवा माल आणि किट (दुरुस्तीच्या रबर-गॅस्केटचा संच) नाना पेठेत. एका खेपेत तिन्ही गाड्यांच्या याद्या घेऊन जा, पण सकाळी जा, म्हणजे उजेडात माल दिसतो आणि बदलून घ्यायला दिवस उरतो. सोबत हवं: व्हर्निअर, मल्टिमीटर, टॉर्च, छोटा आरसा, चुंबक, कोरडं फडकं आणि मोबाइलमध्ये तुमच्या भागाचे चारही बाजूंचे फोटो.

किमतीचा साधा निकष: जुना भाग नव्याच्या निम्म्याहून महाग पडत असेल तर नवा घ्या. जुना अल्टरनेटर किंवा सेल्फ परत दिला तर काही रक्कम वजा होते, म्हणून तो सोबत न्या. बिलावर चेकिंगची मुदत (किती दिवसांत भाग परत करता येईल) लिहून घ्या आणि भागावर दुकानदारासमोर रंगाची खूण करा. परत करताना "हा आमचा नाही" हा वाद त्यानं टळतो.

इंजिनाची गोष्ट वेगळी. इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो. त्यासाठी बिल आणि ज्या गाडीचं इंजिन आहे तिची कागदपत्रं लागतात. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला किंवा त्या जागी ताजा रंग असेल तर कितीही स्वस्त असलं तरी सोडून द्या. चोरीचा माल जाणून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

दुकानातच करायची तपासणी

सेल्फ: पायाखाली घट्ट दाबा, बॉडीला बॅटरीची ऋण केबल, सोलेनॉइडच्या (सेल्फवरच्या विजेच्या खटक्याच्या) जाड बोल्टला धन केबल लावा आणि धनाची एक तार बारीक टर्मिनलला टेकवा. पिनियन (पुढचं छोटं दातेरी चाक) झटक्यात बाहेर येऊन सरळ फिरला पाहिजे. नुसता टक आवाज आला तर सोलेनॉइडचे आतले संपर्क, ब्रश किंवा आर्मेचर (आतला फिरणारा भाग) गेलेलं असण्याची शक्यता मोठी. दाताची पुढची कड खाल्लेली असेल तर घेऊ नका.

अल्टरनेटर: हातानं फिरवा. खरखर म्हणजे बेअरिंग. ते स्वस्तात बदलतं. पुली वर-खाली हलत असेल तर बेअरिंगची बैठक झिजलेली असू शकते, तो ठेवा तिथेच. घरी बसवल्यावर साधारण २००० आरपीएमला बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. १३ च्या आसपास घुटमळत असेल तर रेग्युलेटर किंवा डायोड गेला. १५ च्या वर गेलं तर गाडी ताबडतोब बंद करा, बॅटरी उकळते.

रेडिएटर: वरून पाणी ओतलं की खालून तितक्याच जोरात आलं पाहिजे. प्लास्टिकच्या टाकीची पत्रा दुमडलेली कड बोटानं तपासा. पांढरा किंवा हिरवा थर दिसला तर तिथे गळती आहे. पितळी असेल तर झाळून मिळतो, प्लास्टिकची टाकी तडकलेली असेल तर नाही.

कार्ब्युरेटर: थ्रॉटलचा दांडा बोटांत धरून आडवा हलवा. तिथे जाणवण्याइतकी चाल असली तर हवा चोरली जाते, आयडलिंग कधीच बसत नाही, आणि कितीही किट घाला, तो दोष जात नाही. बाकी चांगला असेल तर किट नवाच टाका.

गिअरबॉक्स: सगळे गिअर टाकून इनपुट शाफ्ट फिरवा, तळाचा बोल्ट काढून तेल फडक्यावर घ्या, चुंबक लावा. करड्या रंगाचा लोण्यासारखा मऊ थर चालतो. चकाकते तुकडे चालत नाहीत. सिंक्रो (गिअर सहज पडायला मदत करणारी कडी) झिजली आहे का हे न खोलता कळत नाही, म्हणून इथे बिलावरची चेकिंगची मुदत सगळ्यात जास्त कामाची.

इंजिन: क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून दोन पूर्ण फेरे द्या, कुठेही अडकता कामा नये. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून लगेच नाकारू नका. पावसाळ्यात थोडं थोडं चाललेल्या गाडीत ती येते. डिपस्टिकवरचं तेलही दुधाळ असेल तर पाणी आत गेलं आहे. गिअरबॉक्स आणि सेल्फ जोडलेला असेल तर तिन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. सिलिंडरांमधला फरक १ बारच्या आत हवा. एखादा कमी भरला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा: आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकदम कमी असतील तर बहुधा त्यांच्यामधलं गॅस्केट जळलेलं असतं.

पुरात बुडालेल्या गाड्यांचे भाग मोठ्या पुरानंतर बाजारात येतात. कनेक्टरच्या पितळेवर हिरवट बुरशी, सीटच्या रेलमध्ये वाळलेला गाळ, दिव्यात पाण्याची रेघ दिसली की विजेचा कोणताही भाग घेऊ नका. ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) सुटा तर घेऊच नये. आयकॅट्स इमोबिलायझर (चोरी रोखणारी मारुतीची यंत्रणा) असलेल्या गाडीत किल्ली आणि ईसीयू जुळलेले असतात; परका ईसीयू बसवला तर सेल्फ फिरतो, गाडी सुरू होत नाही.

काही गोष्टी जुन्या घ्यायच्याच नाहीत, स्वस्त असल्या तरी: ब्रेक शू आणि पॅड, ब्रेक होस, व्हील सिलिंडरचे रबर, टायमिंग बेल्ट, ऑइल सील, टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, सीट बेल्ट, एअरबॅग. पेट्रोलच्या नळ्याही नव्या आणि ई२० ला (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला) चालणाऱ्याच घ्या, कारण इथेनॉलनं जुनं रबर फुगून तडकतं. टायर जुना घ्यावाच लागला तर बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच वर्षांवरचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी नको.

गाडी उघडी असताना

नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर स्टँडचे पाय रुततात, त्याखाली फूटभर चौकोनी जाड प्लाय ठेवा, चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, आणि खाली शिरण्यापूर्वी गाडी हातानं हलवून बघा. पेट्रोलच्या नळीला हात लावण्याआधी बॅटरीची ऋण केबल काढा.

बोल्ट प्रत्येक भागाच्या वेगळ्या पिशवीत, वर मार्करनं गाडी, भाग आणि जागा लिहून. लांबी वेगवेगळी असलेले बोल्ट, उदाहरणार्थ टायमिंग कव्हरचे, पुठ्ठ्यावर कव्हरचं चित्र काढून त्याच जागी खोचा. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की ॲल्युमिनिअमचे आटे जातात आणि हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) टाकायला लेथवाल्याकडे जावं लागतं. मॅनिफोल्डची उघडी तोंडं फडक्याचा बोळा घालून नव्हे, वरून टेप लावून बंद करा. बोळा आत विसरला जातो. उंदीर वायर कुरतडतात, म्हणून पावसाळ्यात रात्री बॉनेट उघडं ठेवू नका.

हेड परत बसवताना पृष्ठभागावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) फिरवा. ०.०५ मिलीमीटरहून जास्त फट असेल तर फेसिंग करूनच बसवा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेनं, तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कनं (आवळण्याच्या जोरानं) आवळा.

गाडी सुरू झाली की वहीतलं पान लगेच बंद करू नका. शंभर किलोमीटर चालवा, थंड इंजिनवर कुलंट आणि तेलाची पातळी पाहा, खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गळती तपासा, चाकांचे नट पुन्हा आवळा. पुठ्ठा सकाळी कोरडा निघाला की मग ओम्नीची पाळी.