दाबाखाली आयनवहन मोजायचं तर आधी पूर्ण दाबा, मग सोडत जा

घन इलेक्ट्रोलाइट म्हणजे ज्यातून आयन (भारित अणू) वाहतात असा घन पदार्थ. त्याच्या पेलेटवर, म्हणजे पावडर दाबून केलेल्या चकतीवर, दाब वाढवला की आयनांची वाहकता वाढताना दिसते. हा स्फटिकाचा गुण नव्हे. कण एकमेकांना भिडले आणि मधली पोकळी बुजली, एवढंच झालेलं असतं. स्फटिकाच्या आत सहसा उलट घडतं. जाळी, म्हणजे अणूंची ठरावीक मांडणी, आकसते, आयनला ज्या चिंचोळ्या फटीतून उडी मारायची ती आणखी अरुंद होते आणि वाहकता घटते. म्हणून रीडिंग दाब उतरवताना घ्या. बुजलेली पोकळी बव्हंशी बुजलेलीच राहते आणि जाळीचा परिणाम तेवढा उरतो.

लिथियम आर्जिरोडाइटसारखा (लिथियम, फॉस्फरस, गंधक असलेला) मऊ सल्फाइड घ्या. १० मिमी व्यासाच्या डायमध्ये (पावडर दाबायच्या साच्यात) १५० मिलिग्रॅम पावडर टाकली की साधारण सव्वा मिमीची पेलेट बनते. जाड पेलेट नको, भिंतीचं घर्षण वाढतं. डायमध्ये आत पीक (PEEK) या कणखर, वीजरोधक प्लास्टिकची नळी आणि बाहेर स्टीलची कडी लागतेच. नुसतं पीक एवढ्या दाबाला फुगतं. भोसरीच्या टूलरूममध्ये काम देताना पंच (वरून-खालून दाबणारे दांडे) हार्डन करून मागा, साध्या पोलादाची टोकं चेपतात. पावसाळ्यात ग्लोव्हबॉक्सबाहेर (कोरड्या वायूच्या बंद पेटीबाहेर) डाय उघडू नका. सल्फाइड ओलावा ओढतं आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटतो.

या डायवर १ टन म्हणजे सुमारे १२५ मेगापास्कल. थेट ३ टनांवर जा, अर्धा तास थांबा. मग ३, २.५, २, १.५ आणि १ टनावर इम्पिडन्स (बदलत्या विद्युतदाबाला होणारा रोध) घ्या: १० मिलिव्होल्ट, १ मेगाहर्ट्झ ते १० हर्ट्झ. प्रत्येक पायरीवर वीस मिनिटं थांबा. १ टनाखाली संपर्क सैल होतो, ती रीडिंग टाकून द्या. पेलेटचा रोध काही दहा ओहमच असतो, त्यामुळे पंच एकमेकांना टेकवून वायरींचा रोध मोजा आणि वजा करा. जाडी डायल गेजने दाबाखालीच मोजा. रिकाम्या डायवर तेच टन देऊन प्रेसची स्वतःची लवचीकता काढून टाका.

सगळ्यात जास्त घोळ तापमान घालतं. सक्रियण ऊर्जा (आयनला उडी मारायला लागणारी ऊर्जा) ०.३ इलेक्ट्रॉनव्होल्ट धरली तर १० अंशांनी वाहकता जवळजवळ दीडपट होते. एप्रिलमध्ये पुण्यात सकाळ-दुपारीत याहून जास्त फरक पडतो. डायभोवती हीटर-जॅकेट लावून ३५ अंशांवर धरा, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) डायच्या अंगात बसवा.

आता वाहकतेच्या नैसर्गिक लॉगचा गिगापास्कलमधल्या दाबाशी आलेख काढा. ३५ अंशांना उताराला उणे २.५६ ने गुणलं की सक्रियण आकारमान, म्हणजे आयन उडी मारताना जाळीला किती फुगावं लागतं तो आकडा, घन सेंमी प्रति मोलमध्ये मिळतं. ३ वरून १ टनावर येताना वाहकता २२ टक्के वाढली, तर उत्तर सुमारे २ येईल. उत्तर ऋण आलं तर आनंदून जाऊ नका. पेलेटला तडा गेला का ते पाहा आणि पुन्हा ३ टनांवर जाऊन पहिलं रीडिंग जुळतं का तपासा. जुळलं नाही तर तो संच बाद. डायमधला दाब चहूबाजूंनी सारखा नसतो, म्हणून हा आकडा अंदाजाचाच. नेमका हवा असेल तर तेलातून सगळीकडून सारखा दाब देणारा दाबकक्ष लागतो.