खाडीत कुर्ल्या पोसायच्यात? कांदळाला हात न लावता असं करा

बचत गटातल्या बायका सारख्या विचारतात की ताई कुर्ल्यांचं, म्हणजे खाडीतल्या चिखलातल्या खेकड्यांचं, सुरू कसं करायचं, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. आधी एक, तळं खणायला कांदळवनात, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीच्या जंगलात, कोयता घेऊन जाऊ नका. हायकोर्टाने तोड आणि भराव बंद केलाय, जमीन खासगी असली तरी, आणि कडेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामही नाही. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की कुर्ली त्याच चिखलात वाढते, तिवर-चिपी या कांदळाच्या झाडांचा पाला कुजतो त्यावर तिचं खाणं तयार होतं, झाड गेलं की आणणार कुठून?

पैशाचं म्हणाल तर वनखात्याच्या कांदळवन कक्षाची २०१७ ची योजना आहे, गटाने केलं तर ९० टक्के सरकारचे, एकट्याने केलं तर ७५. आत्ता काय चालू आहे ते ऑफिसात जाऊन विचारा, फोनवर नको.

आता मुख्य काम. पहिल्या वर्षी बारीक पिल्लं आणून मोठी करायला जाऊ नका, त्यात ८-९ महिने जातात आणि कात टाकून मऊ पडलेलीला बाकीच्या खाऊन टाकतात. त्यापेक्षा पोकळ, म्हणजे आत मांस न भरलेल्या कुर्ल्या घ्या, ज्यांना व्यापारी भाव देत नाही, आणि खाऊ घालून त्या भरा, २०-३० दिवसांत होतं. अमावस्येची भरलेली आणि पुनवेची पोकळ असं आजी सांगायची, पण तिथीवर न जाता उलटी करून मागच्या पायाच्या मुळाशी अंगठ्याने दाबा, कवच लचकलं तर पोकळ.

प्रत्येकीला वेगळा डबा, भोकं पाडलेला, आणि डबे बांबूच्या तराफ्याला बांधून खाडीत. आम्ही आधी सगळ्या एकाच पिंजऱ्यात सोडल्या होत्या, आठ दिवसांत निम्म्यांच्या नांग्या तुटल्या, ते नुकसान फार लागलं आम्हाला.

खाणं संध्याकाळी द्या कारण ती रात्रीच हिंडते. स्वस्तातली मासळी नाहीतर शिंपल्यांचं मांस, वजनाच्या ५ ते ८ टक्के, म्हणजे ३०० ग्रॅमच्या कुर्लीला १५ ते २४ ग्रॅम. सकाळी उरलेलं काढायचंच, नाहीतर पाणी सडतं. पावसात खाडीचं पाणी गोडं होतं म्हणून सुरुवात दसऱ्यानंतर करा. लहान कुर्ल्या आणि अंडीवाली मादी मिळाली तर परत सोडा, पुढच्या वर्षी पकडणार तुम्हीच आहात.

आणि ज्यांना हे चिखलाचं काम जमणार नाही त्यांनी वेंगुर्ल्याला जाऊन या, मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात, मला तर बघून भरून आलं.

विकायला नेताना नांग्या सुतळीने घट्ट बांधा, ओल्या गोणपाटात गुंडाळा आणि उन्हात अजिबात ठेवू नका, मेलेली कुर्ली कोणी घेत नाही.